पडद्यावरच्या विज्ञानकथा आणि आपली मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अकोल्याहून अमरावतीला येताना मला पाहुणी म्हणून आल्यासारखे कधी वाटत नाही. तेव्हा थेट कामाच्या गोष्टीला लागते.

तुमच्या चिटणीसबाईंनी विषय कळवताना सोबत चार ओळींची हकीकतही लिहिली होती. मंडळाच्याच एका घरी चौदा वर्षांची मोठी बहीण मोबाइलवर 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही अमेरिकन मालिका पाहत होती. सात वर्षांचा धाकटा तिच्या खांद्याआडून पाहत राहिला. आता तो रात्री एकटा मोरीपर्यंत जात नाही, दिवा मालवू देत नाही. ही गोष्ट मंडळाच्या सभेत निघाली आणि दोन तट पडले. एकीने म्हटले, हे राक्षसांचे आणि अंतराळाचे खूळ घरातून मुळासकट काढून टाका. दुसरी म्हणाली, विज्ञानयुगात मुलांना जगायचे आहे. डोळे झाकून ती कुठवर चालतील? उन्हाळ्याच्या सुटीत मंडळाचा बालवर्ग भरणार, तिथे मुलांना काय दाखवायचे हे ठरले पाहिजे. तुम्ही सांगा, असे पत्र.

निकाल देणारी मी कोण? अकोल्यात प्राथमिक शाळेत तीस वर्षे मुलांना शिकवले, एवढाच माझा अधिकार. पण त्या तीस वर्षांत एक गोष्ट मनात पक्की झाली, ती आज तुमच्यापुढे ठेवते. मालिका चांगली आहे का, हा एक प्रश्न. आणि ती या मुलाला, या वयात, मानवेल का, हा वेगळा प्रश्न. आपण आया पहिल्या प्रश्नाचे उत्तर काढतो आणि तेच दुसऱ्याला लावून मोकळ्या होतो. घोटाळा होतो तो तिथे. शेगावची कचोरी उत्तम असते, म्हणून ती कुणी सहा महिन्यांच्या बाळाला भरवत नाही.

उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे घेते. दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी 'शक्तिमान' सुरू झाला आणि मार्च २००५ पर्यंत चालला. चारशेहून अधिक भाग झाले. आज इथे बसलेल्या ज्या तरुण आया आहेत, त्यांचे बालपणच त्यात गेले. महाभारतातल्या भीष्मांचे काम केलेले मुकेश खन्ना त्यात नायक होते. आता काटेकोरपणे बोलायचे तर ही शुद्ध विज्ञानकथा नव्हे. नायकाची शक्ती योगातून आणि पंचमहाभूतांतून आलेली होती. पण दुष्टांच्या बाजूला प्रयोगशाळा होती, जॅकाल नावाचा शास्त्रज्ञ होता, नायकाची हुबेहूब नक्कल तयार करण्यासारखे प्रयोग होते. मुलांच्या दृष्टीने ते सारे एकच.

या मालिकेवर आई-वडिलांचा विश्वास होता, आणि त्याला कारण होते. भागाच्या शेवटी नायक मुलांना चार हिताच्या गोष्टी सांगे: दात घासा, खोटे बोलू नका, कचरा कुंडीत टाका. घरातली आजीसुद्धा म्हणे, पाहू दे रे, चांगले सांगतो तो. यापेक्षा संस्कारी मालिका कुठली शोधणार?

आणि त्याच मालिकेच्या पहिल्या दोन वर्षांत वृत्तपत्रांतून बातम्या येऊ लागल्या, की शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर अमक्या ठिकाणी मुलाने उंचावरून उडी घेतली, तमक्या ठिकाणी अंगाला आग लावून घेतली. त्यांतल्या प्रत्येक बातमीत किती तथ्य होते, यावर वादही झाले. परंतु खुद्द मुकेश खन्नांना पडद्यावर येऊन सांगावे लागले, की मुलांनो, माझी नक्कल करू नका. एवढे सांगण्याची पाळी आली, यातच सारे आले.

त्या दिवसांत सोमवारी माझा वर्ग कसा भरे ते सांगते. मधली सुटी झाली की निम्मी मुले एक हात वर करून अंगणात गरगर फिरत. मोठी मुले हसत हसत फिरत आणि भोवळ आली की धपकन बसत. पण पहिलीतला एक लहानगा कुंपणाच्या भिंतीवर चढून बसलेला मला दिसला. मी जवळ गेले. त्याने अगदी गंभीरपणे विचारले, "बाई, मी खाली पडलो तं तो येईन न?" त्याला मी रागावले नाही. उतरवून घेतले, मांडीवर बसवले आणि म्हटले, तो आपल्या गावी कधी आला होता का रे? विचार करून म्हणाला, "नाही." का बरे आला नसेल? तो म्हणाला, "त्याले आपलं गाव माहीत नसन." भगिनींनो, त्याच्या मनात शक्तिमान आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. फक्त पत्ता सापडायचा राहिला होता!

तोच खेळ, तोच भाग, तेच बोधवचन. चौथीतल्या मुलाला ती मौज होती आणि पहिलीतल्याला ती माहिती होती. मालिका वाईट होती असे मी म्हणणार नाही. मात्र शेवटच्या बोधामुळे मधली उडी सुरक्षित होत नाही, हे ध्यानात ठेवावे. लहान मूल बोध विसरते आणि उडी लक्षात ठेवते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने हीच मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा बऱ्याच घरांत आई आणि मूल शेजारी बसून ती पाहत होते. हा फरक मोठा आहे. त्याकडे मी पुन्हा येईन.

आता भीतीचे पाहू. कोणत्या वयात मूल कशाला भिते, याचा अभ्यास अमेरिकेत झालेला आहे, आणि तो एका विज्ञानमालिकेवरच झाला आहे. 'द इन्क्रेडिबल हल्क' नावाची मालिका तिकडे १९७७ पासून १९८२ पर्यंत चालली. डॉक्टर बॅनर हा सज्जन शास्त्रज्ञ. गॅमा किरणांचा अतिरेक अंगावर घेतल्यामुळे, राग आला की त्याचा प्रचंड हिरवा दांडगा पुरुष होतो आणि तो संकटात सापडलेल्यांना सोडवतो. ग्लेन स्पार्क्स आणि जोअॅन कँटर या अभ्यासकांनी मुलांना या मालिकेतला प्रसंग दाखवून, कुठल्या क्षणी भीती वाटली ते विचारले. १९८६ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. मोठ्या मुलांना भीती वाटली ती आधी, बॅनर संकटात सापडला तेव्हा; हिरवा पुरुष प्रकटला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला, कारण आता सुटका होणार हे त्यांना कळत होते. शाळेतही न जाणाऱ्या चिमुकल्यांचे नेमके उलट. ती भ्याली हिरव्या पुरुषालाच! हा तोच भला माणूस आहे, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. डोळ्यांना जे भयंकर दिसले ते भयंकर.

याचा अर्थ आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहा. आपण मुलाला म्हणतो, "अरे वेड्या, ते खोटं असतं." आठ-दहा वर्षांच्या मुलाला याने धीर येतो. चार-पाच वर्षांच्याला या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला जवळ घ्यावे, पडदा बंद करावा, घोटभर पाणी द्यावे, पांघरुणात गुरफटून बसवावे. मोठ्याला समजूत आणि लहानग्याला कूस, असे याचे सूत्र आहे.

कुणी म्हणेल, आमच्या आज्या नव्हत्या का भुताखेतांच्या गोष्टी सांगत? राक्षसाचा जीव पोपटात होता, आणि पोपटाची मान पिरगळली की राक्षस मरे. यात काय कमी भयंकर आहे? प्रश्न रास्त आहे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडत, वर चांदण्यांनी भरलेले आभाळ असे, आणि आजीची गोष्ट चाले. मीही त्यातच वाढले. पण आजीच्या हातात एक गोष्ट होती जी पडद्याजवळ नाही. आजी मुलाचे तोंड पाहत असे. नातवाने पांघरूण नाकापर्यंत ओढले, की राक्षस दोन कोस मागे जाई. नातू जांभई देऊ लागला, की तोच राक्षस दात विचकत दाराशी येई. पडदा कुणाचे तोंड पाहत नाही. त्याला समोर चौदा वर्षांची मुलगी बसली आहे की सात वर्षांचा मुलगा, याची दाद नाही. तेव्हा पडदा घरात आला म्हणून आजीचे काम सुटले असे नव्हे. मुलाचे तोंड पाहण्याचे काम आता घरातल्या मोठ्या माणसाने करायचे आहे.

या दृष्टीने चिटणीसबाईंनी लिहिलेल्या घरातली गोष्ट तपासू. 'स्ट्रेंजर थिंग्ज' २०१६ साली सुरू झाली आणि २०२५ च्या अखेरीस तिचा शेवटचा भाग आला. मी स्वतः ती मुद्दाम पाहिली. १९८३ साली अमेरिकेतल्या एका लहान गावातला मुलगा नाहीसा होतो. त्याचे मित्र सायकलींवरून त्याचा शोध घेतात. एका सरकारी प्रयोगशाळेतून पळालेली, मनाच्या शक्तीने वस्तू हलवणारी मुलगी त्यांना भेटते. आपल्या जगाच्या खाली काळोखे, उलटे असे दुसरे जग आहे आणि तिथला राक्षस इकडे येतो, अशी कल्पना. मुले नायक आहेत म्हणून ही मुलांची मालिका, असे समजणे चुकीचे ठरेल. त्यात रक्त आहे, मृत्यू आहेत, शिवीगाळ आहे, आणि राक्षस घराच्या भिंतीतून येतो. सात वर्षांच्या मुलाच्या लेखी भिंत म्हणजे त्याच्याच खोलीची भिंत. तो मोरीपर्यंत जात नाही यात त्याचा भित्रेपणा नाही. त्याला जे दिसले त्यावरून त्याने बरोबर हिशेब केला आहे. त्याला ती मालिका नको, हे मी निःशंकपणे सांगते.

आणि चौदा वर्षांची बहीण? तिच्या हातातून ती सरसकट हिसकावून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. मित्रासाठी जीव टाकणे, वेगळ्या दिसणाऱ्या मुलीला आपल्यात घेणे, मोठ्यांनी लपवलेले सत्य शोधणे, हेही त्याच मालिकेत आहे. आणि मुलांवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाला काय म्हणावे, हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलीला कळतो. तिने ती आईबरोबर पाहावी, भावासमोर पाहू नये. बंदी घातली तर ती मैत्रिणीकडे जाऊन पाहील, आणि मग तिच्या मनात आलेला प्रश्न तुमच्यापर्यंत कधीच येणार नाही. सुक्याबरोबर ओले जाळण्यात शहाणपण नाही.

मग ठरवायचे कशावरून? मी चार प्रश्न सांगते. ते लिहून घेण्यासारखे मोठे नाहीत.

पहिला: राक्षस कुठे राहतो? दूरच्या ग्रहावर, हजार वर्षांनंतरच्या काळात राहत असेल, तर लहान मुलाला तो सोसतो. घरात, पलंगाखाली, आईच्या रूपात येत असेल, तर सोसत नाही. १९९८ साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' आली होती. केतन मेहतांची, मिलिंद सोमण नायक. कथा २१२३ सालातली, अंतराळातल्या तुरुंगातून निसटलेल्या गुन्हेगारांना पकडण्याची. मारामारी पुष्कळ होती, तरी ती पाहून कुणी मूल अंधाराला भ्यायल्याचे मला आठवत नाही. ते सारे आभाळात चालले होते.

दुसरा: संकट सुटते कशाने? बुद्धीने, धीराने, एकमेकांच्या मदतीने सुटते, की दर वेळी ठोशाने आणि बंदुकीनेच? दर भागात ठोसाच उपयोगी पडत असेल, तर मूल तेवढेच शिकेल.

तिसरा: मुलाला त्यातले काय करून पाहावेसे वाटेल? खेळण्यातले यान जोडावेसे वाटले तर आनंद आहे. गच्चीच्या कठड्यावर उभे राहावेसे वाटले, तर पडदा तिथेच बंद.

चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा: मूल ती गोष्ट परत सांगू शकते का? हा प्रश्न मालिकेला विचारायचा नाही, मुलाला विचारायचा. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा आठवा. त्यांच्या कीर्तनात श्रोता मुकाट बसू शकत नसे. बाबा प्रश्न विचारीत, लोकांकडून उत्तर काढीत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढीत. शहाणपण सांगण्यापेक्षा ते लोकांच्याच तोंडून वदवून घेत. आईने तसे करावे. भाग संपला की पोळ्या लाटता लाटता विचारावे: मग काय झालं? तो असा का वागला? हे खरंच होऊ शकेल का? तू असतास तर काय केलं असतंस? मूल गोष्टीचा सांधा जुळवून सांगत असेल, तर मालिका त्याला पचली. नुसते ओरडणे, मारणे आणि एकच भयंकर चित्र सांगत असेल, तर ती त्याच्या वयाला जड आहे. प्रगतिपुस्तकापेक्षा ही परीक्षा खात्रीची आहे.

सरकारनेही थोडी सोय केली आहे. २०२१ च्या नियमांनुसार इंटरनेटवरून येणाऱ्या मालिकांवर वयाची खूण असावी लागते: 'यू' म्हणजे सर्वांसाठी, मग 'यू/ए' च्या पुढे ७, १३ किंवा १६ हा आकडा, म्हणजे त्या वयाखालच्या मुलाने पालकांच्या देखरेखीखाली पाहावे, आणि 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. तेरा आणि त्यावरच्या वर्गाला कुलूप लावण्याची सोयही द्यावी लागते. धान्याचे कोठार उघडे टाकून उंदरांना बोल लावत नाहीत. हे कुलूप आज घरी गेल्यावर लावा. लावता येत नसेल तर घरातल्या मोठ्या मुलीकडून शिकून घ्या आणि आकडा मात्र आपला घाला! तरीही खूण म्हणजे वाटेवरचा मैलाचा दगड आहे. गाव किती दूर ते तो सांगतो. चालणाऱ्याचे पाय किती दुखतात ते त्याला ठाऊक नसते.

आता दुसऱ्या तटाकडे वळते, कारण विज्ञानकथा मुलांना द्यावी असेच माझेही मत आहे. या वाङ्मयाची आपल्या मराठीत चांगली परंपरा आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नंतर उघड झाले की हे जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते, म्हणजे परीक्षकांनी नावाकडे न पाहता कथेकडे पाहावे. डॉक्टर नारळीकर मे २०२५ मध्ये आपल्याला सोडून गेले. त्यांची 'धूमकेतू' ही गोष्ट मी वरच्या वर्गात सांगत असे. एका हौशी आकाशनिरीक्षकाला धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने निघते. शास्त्रज्ञ यान पाठवून स्फोटाने त्याची वाट बदलतात. इकडे त्याच निरीक्षकाच्या घरी शांतीसाठी यज्ञ होतो, आणि संकट टळल्यावर श्रेय यज्ञाला मिळते. गोष्ट संपली की वर्गात जो वाद पेटे, तो तासाची घंटा झाली तरी विझत नसे.

पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने 'डार्ट' नावाचे यान डिमॉर्फस या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम आदळवले, आणि त्याच्या प्रदक्षिणेचा काळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. अंतराळातल्या दगडाची वाट बदलता येते, हे सिद्ध झाले. गोष्टीत वाचलेले असे खरे झालेले पाहिले, की मुलाच्या डोळ्यांत जे तेज येते, ते पाठांतराने येत नाही. आणि त्यासाठी अमेरिका कशाला? आपल्या वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यात, लोणार आहे. आकाशातून आलेला दगड काळ्या पाषाणात आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर झाले. त्याच्या काठावर मुलाला उभे करा आणि म्हणा, ही कुणी रचलेली गोष्ट नाही. पडद्यावर पाहिलेल्या शंभर भागांचा अर्थ त्याला त्या काठावर लागेल.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली: बालवर्गात कोणतीही मालिका दाखवण्यापूर्वी दोघींनी तिचे दोन भाग स्वतः पाहावेत, आणि मंडळाच्या वहीत दोन ओळी लिहाव्यात: कोणत्या वयाला चालेल आणि का. एक आई आणि एक आजी, अशी जोडी असावी; दोघींना वेगवेगळ्या गोष्टी खटकतात. दुसरी: सात वर्षांखालची आणि वरची मुले एकाच वेळी एकाच पडद्यापुढे बसवू नयेत. मोठ्यांचा भाग चालू असता धाकट्यांना बाहेर लगोरी खेळू द्यावी. तिसरी: भाग संपल्यावर निदान पंधरा मिनिटे पडदा बंद ठेवून मुलांना बोलू द्यावे, आणि सुटीच्या शेवटी लोणारची सहल काढावी. सहलीच्या खर्चाची वर्गणी मी आजच चिटणीसबाईंकडे देऊन जाते, म्हणजे सूचना वहीतच राहणार नाही!

आपल्या हातात दार बंद करणे आहे आणि दार सताड उघडे टाकणेही आहे. दोन्ही सोपे आहेत. उंबरठ्यावर बसून, आत कोण येते आणि कोणाला भेटते हे पाहत राहणे कष्टाचे आहे. आपल्या आज्यांनी ते काम केले. ते आता आपल्याकडे आले आहे, आणि उद्या आपल्या लेकींकडे जाईल.